कमांड लाइन प्रोग्रॅममधील प्रोग्रेस बार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून प्रोग्रॅम चालवण्याच्या खिडकीत, चालणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडून प्रोग्रेस बारविषयी, म्हणजे काम कुठवर आले ते दाखवणाऱ्या पट्टीविषयी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. पुढचे प्रश्न पट्टी प्रत्यक्ष वापरात आल्यावर जिथे घोळ होतो, त्या जागांचे आहेत. उदाहरणे मुख्यतः पायथन आणि सी यांतली असली, तरी टर्मिनलचे वागणे भाषेनुसार बदलत नाही. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रोग्रेस बार कोणत्या कामाला लावावा? दोन सेकंदांच्या कामालाही हवा का?

दोन सेकंदांच्या कामाला नको. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही उपयोगी पडतात: ०.१ सेकंदाच्या आत आलेला प्रतिसाद तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर माणसाचे लक्ष दुसरीकडे जाते. म्हणून दहा सेकंदांहून अधिक चालू शकणाऱ्या कामाला पट्टी हवीच. त्याहून लहान कामाला एखादे फिरते चिन्ह पुरते. अडचण अशी की तेच काम एकाच्या संगणकावर अर्ध्या सेकंदात उरकते आणि दुसऱ्याच्या संगणकावर पाच मिनिटे घेते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रोग्रॅमने यावर काढलेला तोडगा अनुकरणीय आहे: ज्या कामांत प्रगती दाखवणे ऐच्छिक आहे, तिथे ते पहिले २ सेकंद गप्प राहते आणि तोवर काम संपले नाही तरच आकडे दाखवू लागते.

पट्टी ही सजावट आहे, असे मानून ती शेवटी कधीतरी लावण्याची सवय सोडावी, असे आम्हाला कळकळीने वाटते. पडद्यावर काहीच हलत नसेल, तर माणूस प्रोग्रॅम अडकला असे समजून कंट्रोल-सी दाबतो आणि डेटाबेसचे अर्धवट झालेले स्थलांतर मागे राहते.

२. खाली नवीन ओळ न उमटता एकाच ओळीवर पट्टी पुढे कशी सरकते?

कॅरेज रिटर्न या नियंत्रक चिन्हामुळे. आस्की तक्त्यात त्याचा क्रमांक १३ आहे. लाइन फीड, म्हणजे १० क्रमांकाचे चिन्ह, कर्सरला खालच्या ओळीवर नेते. कॅरेज रिटर्न त्याला त्याच ओळीच्या आरंभी आणते. त्यानंतर लिहिलेला मजकूर आधीच्या मजकुरावर बसतो. दर वेळी कॅरेज रिटर्न, मग ताजी पट्टी, आणि काम संपल्यावर एकदाच लाइन फीड, एवढाच या खेळाचा गाभा आहे.

[████████████░░░░░░░░]  ६०%  १२.४/२०.७ एमबी  उतरवत आहे

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. नवा मजकूर जुन्याला झाकतो, पुसत नाही. उरलेला वेळ «१०:०५» असा दिसत होता आणि आता तिथे «९:५९» लिहिले, तर पडद्यावर «९:५९५» दिसेल, कारण शेवटचा ५ कोणी झाकलाच नाही. त्यासाठी ताजी पट्टी लिहून झाल्यावर कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचे पुसण्याची आज्ञा द्यावी: २७ क्रमांकाचे एस्केप चिन्ह, त्याला लागून उघडणारा चौकटी कंस आणि कॅपिटल ‘के’. लिहिण्याआधीच सगळी ओळ पुसणारेही पुष्कळ आहेत, पण त्यामुळे पट्टी लुकलुकते. आधी लिहावे, मग उरलेले पुसावे.

३. हे सगळे स्वतः लिहावे की तयार लायब्ररी घ्यावी?

शिकण्यासाठी एकदा स्वतः लिहावे. लोकांच्या हाती द्यायच्या प्रोग्रॅमसाठी लायब्ररी घ्यावी. पायथनमध्ये टीक्यूडीएम आणि रिच, रस्टमध्ये इंडिकॅटिफ, नोडमध्ये सीएलआय-प्रोग्रेस ही रुळलेली नावे आहेत. आर भाषेत तर साधी पट्टी मूळ वितरणातच मिळते. पुढच्या उत्तरांतल्या अनेक अडचणी या लायब्रऱ्यांनी आधीच सोडवल्या आहेत. तरीही ती उत्तरे वाचावीत, कारण एकूण किती काम आहे आणि ते कोणत्या एककात मोजायचे, हे लायब्ररी ठरवू शकत नाही.

४. कॅरेज रिटर्न बरोबर दिले आहे, तरी काम संपेपर्यंत काहीच दिसत नाही आणि मग एकदम १०० टक्के येतात. असे का?

मजकूर बफरमध्ये, म्हणजे बाहेर जाण्याआधी तो साठवणाऱ्या मेमरीतल्या जागेत, अडकून राहतो म्हणून. सी भाषेत स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिण्याचा मुख्य प्रवाह, टर्मिनलला जोडलेले असले, की साधारणपणे ओळ पूर्ण होईपर्यंत मजकूर थोपवून ठेवला जातो. आपली पट्टी तर मुद्दामच ओळ पूर्ण करत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी लिहिल्यावर फ्लश करणे, म्हणजे साठलेला मजकूर लगेच बाहेर पाठवणे, आवश्यक आहे.

पायथनमध्ये ही अडचण कधी येते आणि कधी येत नाही, त्यामुळे गोंधळ अधिक होतो. तिथे आउटपुट टर्मिनलला जोडलेले असताना मजकुरात लाइन फीड किंवा कॅरेज रिटर्न यांपैकी काहीही आले तरी फ्लश आपोआप होते. म्हणून कॅरेज रिटर्नवाली पट्टी नीट चालते; पण एकेक टिंब छापत जाणारी प्रगती ओळ न संपवता लिहिली, तर ती टिंबे शेवटी एकदमच दिसतात. प्रिंट फंक्शनला फ्लश हा पर्याय पायथन ३.३ पासून आहे. तो नेहमी द्यावा.

५. पट्टी स्टँडर्ड आउटपुटवर लिहावी की स्टँडर्ड एररवर?

स्टँडर्ड एररवर. नावात एरर असले तरी हा प्रवाह चालवणाऱ्या माणसाशी बोलण्यासाठी आहे, तर स्टँडर्ड आउटपुट पुढच्या प्रोग्रॅमसाठी. कोणी तुमच्या प्रोग्रॅमचे आउटपुट पाइपमधून (एकाचे आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीतून) डेटा संकुचित करणाऱ्या जीझिपला दिले आणि पट्टी त्याच प्रवाहात असली, तर ठोकळे आणि टक्के त्या संकुचित फाइलमध्ये जाऊन बसतील, आणि ती उघडणाऱ्याला डेटा का बिघडला हे कळणारही नाही. फाइली उतरवणारा कर्ल, गिट आणि टीक्यूडीएम हे तिन्ही प्रगती स्टँडर्ड एररवरच लिहितात.

६. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) किंवा सीआय सर्व्हरवर (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रावर) चालवल्यावर लॉगमध्ये हजारो पट्ट्यांचा कचरा साठतो. तो कसा टाळावा?

पट्टी लिहिण्यापूर्वी तो प्रवाह खरोखर टर्मिनलला जोडलेला आहे का, हे विचारावे. सी आणि पायथन या दोन्हींत त्यासाठी ‘इज-ए-टीटीवाय’ हे फंक्शन आहे. तपासणी ज्या प्रवाहावर पट्टी लिहिणार त्याचीच करावी. अनेक जण स्टँडर्ड आउटपुट तपासतात आणि पट्टी स्टँडर्ड एररवर लिहितात; मग आउटपुट फाइलमध्ये वळवताच पडद्यावरची पट्टी विनाकारण नाहीशी होते. टर्म हे पर्यावरण-चल ‘डम्ब’ असेल, तरीही पट्टी दाखवू नये.

टर्मिनल नसेल तर पूर्ण मौन हाही चांगला पर्याय नव्हे. तासभर चालणाऱ्या कामाचा लॉग उघडणाऱ्यालाही काम कुठवर आले हे हवेच असते. अशा वेळी दर दहा टक्क्यांना किंवा दर मिनिटाला एक पूर्ण ओळ, वेळेच्या नोंदीसह, लिहावी. आउटपुट टर्मिनलवर नसल्यास फाइली उतरवणारा डब्ल्यूगेट पट्टीऐवजी टिंबांच्या ओळी छापतो, तो याच विचाराने.

याला जोडूनच येणारा प्रश्न: एसएसएचने दुसऱ्या यंत्रावर थेट आज्ञा चालवली की पट्टी दिसत नाही. कारण तशा वेळी एसएसएच पलीकडे टर्मिनल तयारच करत नाही. ‘उणे टी’ हा पर्याय दिला की ते तयार होते. प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या डॉकरमध्येही त्याच अक्षराचा पर्याय तेच काम करतो.

७. खिडकी लहान केली की पट्टी दर वेळी नव्या ओळीवर उमटू लागते. काय करावे?

मजकूर टर्मिनलच्या रुंदीपेक्षा लांब झाला की तो दुसऱ्या ओळीवर उतरतो, आणि कॅरेज रिटर्न कर्सरला त्या दुसऱ्या ओळीच्याच आरंभी आणते. वरची ओळ तशीच मागे राहते. म्हणून रुंदी गृहीत न धरता विचारून घ्यावी. पायथनच्या ‘शटिल’ मॉड्यूलमध्ये त्यासाठी फंक्शन आहे; रुंदी कळली नाही, तर ते ८० रकाने आणि २४ ओळी असे उत्तर देते. युनिक्सवर खिडकीचा आकार बदलला की ‘सिगविंच’ हा सिग्नल येतो, पण प्रत्येक वेळी पट्टी रंगवताना रुंदी पुन्हा विचारणे अधिक सोपे आहे. शेवटचा एक रकाना मोकळा सोडावा, कारण तो भरताच काही कन्सोल कर्सर खालच्या ओळीवर नेतात.

जागा अपुरी असेल तर आधी उरलेला वेळ गाळावा, मग वेग, मग पट्टी. टक्के शेवटपर्यंत ठेवावेत. अरुंद पट्टीतही हालचाल दिसावी म्हणून युनिकोडमधील यू+२५८९ ते यू+२५८एफ ही सात अष्टमांशापासून एक अष्टमांशापर्यंत भरलेल्या ठोकळ्यांची चिन्हे वापरता येतात. त्यांच्यामुळे २० रकान्यांत १६० पायऱ्या मिळतात.

८. पट्टी लावल्यापासून प्रोग्रॅम हळू झाला. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि मोठ्या प्रकल्पांतही घडले आहे. २०१६ च्या सुरुवातीस नोडची पॅकेजे बसवणाऱ्या एनपीएमच्या वापरकर्त्यांनी दाखवून दिले, की प्रोग्रेस बार बंद केला तर पॅकेजे बसवण्याचा वेळ लक्षणीय कमी होतो. टर्मिनलवर लिहिणे हे सिस्टिम कॉलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करण्याचे, काम आहे. दहा लाख फेऱ्यांच्या लूपमध्ये ते प्रत्येक फेरीत केले, तर मूळ कामापेक्षा रंगकामच जास्त होते. सेकंदाला दहा वेळा रंगवणे डोळ्यांना पुरेसे असते. टीक्यूडीएमही दोन रंगकामांत किमान ०.१ सेकंद अंतर ठेवते. घड्याळ पाहणेही फुकट नसते. अगदी लहान फेऱ्यांत ते दर काही शे फेऱ्यांनी एकदाच पाहावे. शेवटचे १०० टक्के मात्र हा नियम बाजूला ठेवून हमखास रंगवावेत; नाहीतर पूर्ण झालेले काम ९८ वर थांबलेले दिसते.

९. उरलेला वेळ सतत उड्या मारतो: दोन मिनिटे, मग अकरा, मग पुन्हा तीन. तो स्थिर कसा करावा?

या प्रश्नाचे मूळ बहुतेक वेळा सूत्रात नसून एककात असते. समजा, १०,००० फाइलींची नक्कल करायची आहे आणि त्या मिळून ५० जीबी आहेत. त्यांतल्या ९,९०० लहान फाइलींचा आकार मिळून १ जीबी आणि उरलेल्या १०० व्हिडिओंचा ४९ जीबी आहे. लहान फाइली आधी गेल्या आणि प्रगती फाइलींच्या संख्येवर मोजली, तर पट्टी ९९ टक्के दाखवेल, तेव्हा प्रत्यक्षात २ टक्केच डेटा गेलेला असेल. इथे कोणतेही गणित वेळ बरोबर सांगू शकणार नाही. बाइट मोजावेत. त्याच्या उलट, लाखो अगदी बारक्या फाइलींच्या कामात प्रत्येक फाइल उघडण्या-मिटवण्यातच वेळ जातो, आणि तिथे बाइट दिशाभूल करतात. अशा ठिकाणी दर फाइलमागे ठरावीक वजन अधिक बाइट, असे मिश्र माप धरावे. वेळ कशात जातो ते शोधून तेच मोजावे.

एकक ठरल्यावर वेगाचा प्रश्न येतो. सुरुवातीपासूनची सरासरी घेतली, तर ती स्थिर राहते, पण नेटवर्क मंदावल्याचे तिला उशिरा कळते. शेवटच्या क्षणाचा वेग घेतला, तर आकडा उड्या मारतो. मधला मार्ग म्हणजे घातांकी सरासरी: नवा अंदाज = ०.३ × ताजा वेग + ०.७ × आधीचा अंदाज. टीक्यूडीएममध्ये हा गुणक मुळात ०.३ असतो; ० दिल्यास पूर्ण सरासरी आणि १ दिल्यास केवळ ताजा वेग वापरला जातो. पहिल्या काही सेकंदांत वेळ दाखवूच नये, कारण तेव्हा हाताशी पुरेशी मोजमापे नसतात. आणि पंधरा मिनिटे उरली असताना सेकंद दाखवू नयेत. तेवढी अचूकता आपल्याकडे नसते, मग ती असल्याचा भास का निर्माण करावा?

काही जण विचारतात, की शेवटी वेग घेणारी पट्टी लोकांना अधिक जलद वाटते, तर मुद्दाम तशी करावी का. ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात शेवटाकडे वेग वाढवणारी पट्टी सहभागी व्यक्तींना खरोखरच कमी वेळाची वाटली होती. तरीही कमांड लाइनवर तसे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. इथला वापरकर्ता त्या आकड्यावर निर्णय घेतो: थांबायचे, काम रात्रीवर टाकायचे, की बंद करायचे. त्याला खरा आकडा मिळाला पाहिजे.

१०. पेन ड्राइव्हवर लिहिताना पट्टी झरझर ९९ टक्क्यांवर जाते आणि मग पाच मिनिटे तिथेच थांबते. बिघाड कुठे आहे?

बिघाड नाही, पट्टी वेगळीच गोष्ट मोजते आहे. लिनक्सवर लिहिण्याचा कॉल बहुतेकदा डेटा मेमरीतल्या पेज कॅशमध्ये गेला की परत येतो. पेन ड्राइव्हवर प्रत्यक्ष लेखन मागाहून होते. त्यामुळे पट्टी मेमरीचा वेग दाखवते आणि शेवटी फाइल बंद करताना किंवा ड्राइव्ह काढताना खरी वाट पाहावी लागते. उपाय दोन आहेत. दर काही मेगाबाइटनंतर एफसिंक (डेटा प्रत्यक्ष डिस्कवर उतरवण्याचा कॉल) करून त्यानंतरच ते बाइट मोजावेत. किंवा लेखन झाल्यावर «डिस्कवर पूर्ण लिहिले जात आहे» असा वेगळा टप्पा दाखवावा. पहिला उपाय थोडा हळू, पण अधिक प्रामाणिक आहे. नक्कल करणारा डीडी हा प्रोग्रॅम वापरत असाल, तर ‘ओफ्लॅग=डायरेक्ट’ हा पर्याय कॅश टाळतो.

११. एकूण किती काम आहे हेच माहीत नसेल तर? आणि कधीकधी पट्टी १०० टक्क्यांच्या पुढे का जाते?

एकूण माहीत नसेल तर टक्के दाखवू नयेत. झालेले काम, वेग आणि गेलेला वेळ दाखवावा. «४,३१२ नोंदी, १ मिनिट २० सेकंद» ही ओळ अंदाजे काढलेल्या टक्क्यांपेक्षा अधिक उपयोगी असते. सर्व्हरने तुकड्या-तुकड्यांत उत्तर पाठवले, तर कंटेंट-लेंग्थ हा मथळा येत नाही, तेव्हा हीच स्थिती असते.

शंभराच्या पुढे जाण्याचे नेहमीचे कारण जीझिप हे आहे. कंटेंट-लेंग्थमधला आकडा संकुचित मजकुराचा असतो, पण पायथनच्या रिक्वेस्ट्ससारख्या लायब्रऱ्या तुमच्या हाती उलगडलेले बाइट देतात, आणि तुम्ही ते मोजता. एक तर कच्चे बाइट मोजावेत, किंवा सर्व्हरला संकुचित न करता पाठवण्यास सांगावे. तुटलेले डाउनलोड पुढे सुरू करताना याच्या जवळची एक गोष्ट घडते: मथळ्यात फक्त उरलेल्या भागाचा आकार येतो, म्हणून आधी उतरवलेले बाइट सुरुवातीचे मूल्य म्हणून धरावेत आणि एकूणातही मिळवावेत.

१२. मराठी मजकूर टाकला की पट्टीचा उजवा कंस वरखाली एका रेषेत येत नाही. देवनागरीसाठी काय करावे?

टर्मिनल पडद्याला समान रकान्यांच्या जाळीत वाटते, आणि देवनागरी त्या जाळीत सहज बसत नाही. «प्रगती» हा शब्द घ्या. पायथन त्याची लांबी ६ सांगते: प, हलन्त, र, ग, त आणि वेलांटी. डोळ्यांना मात्र तीनच अक्षरे दिसतात. रकाने मोजणारी जुनी ‘डब्ल्यूसी-विड्थ’ पद्धत हलन्ताला शून्य आणि दीर्घ वेलांटीला एक रकाना देते, म्हणजे एकूण ५. काही नव्या अंमलबजावण्या वेलांटीलाही शून्य देतात. तुमची लायब्ररी एक आकडा धरते, टर्मिनल दुसरा, आणि त्यांतल्या फरकाइतकी पट्टी सरकते.

सर्व टर्मिनलांवर खात्रीने चालणारे मोजमाप आज तरी नाही, म्हणून मांडणीच अशी करावी की मोजण्याची गरज पडू नये. पट्टी आणि आकडे डावीकडे ठेवावेत, देवनागरी मजकूर सर्वात उजवीकडे, आणि त्यामागे प्रश्न २ मधली पुसण्याची आज्ञा. मग मजकूर किती रकाने घेतो याने पट्टीला फरक पडत नाही. फक्त तो ओळीबाहेर जाऊ नये इतका लहान ठेवावा. ० ते ९ हे देवनागरी अंक प्रत्येकी एकच चिन्ह असल्यामुळे ते डावीकडेही बिनधास्त वापरता येतात. फाइलचे लांब नाव छाटताना कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हे) मोजून छाटू नये; नाहीतर «प्रकल्प» हा शब्द «प्रकल्» असा हलन्तावर तुटतो. अक्षरगुच्छ धरून छाटावे. आणि टर्मिनलचे एन्कोडिंग यूटीएफ-८ नसेल, तर ठोकळ्यांऐवजी हॅश चिन्हाची पट्टी काढावी.

१३. अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामे) एकाच वेळी पट्टी रंगवतात किंवा मधेच लॉगचा संदेश येतो, तेव्हा सगळे विस्कटते. उपाय काय?

टर्मिनलवर लिहिणारा एकच असावा. बाकीच्या थ्रेडांनी केवळ आकडे वाढवावेत किंवा रांगेत संदेश टाकावेत. वेगळ्या प्रक्रिया असतील, तर मूळ प्रक्रियेने सर्वांची बेरीज करून एकच पट्टी दाखवणे बहुधा पुरते. वापरकर्त्याला आठ कामगारांच्या आठ पट्ट्यांपेक्षा एकूण काम कुठवर आले हे हवे असते. एकापेक्षा अधिक पट्ट्या हव्याच असतील, तर कर्सर वर नेण्याच्या एस्केप आज्ञा लागतात आणि ते काम लायब्ररीवर सोपवावे.

मधला संदेश लिहिताना क्रम असा ठेवावा: पट्टी पुसावी, संदेश पूर्ण ओळीसह लिहावा, पट्टी पुन्हा काढावी. टीक्यूडीएमचे ‘राइट’ फंक्शन हेच करते. डेबियन लिनक्सवर पॅकेजे बसवणाऱ्या आणि २०१४ मध्ये आलेल्या एपीटी १.० ने वेगळा मार्ग घेतला: पडद्याचा सरकणारा भाग एका ओळीने कमी करून तळाची ओळ पट्टीसाठी राखून ठेवली. दिसायला ते फार चांगले आहे, पण प्रोग्रॅम अचानक बंद पडला तर टर्मिनल त्याच स्थितीत राहू शकते.

१४. कंट्रोल-सी दाबल्यावर कर्सर नाहीसा होतो. तो परत कसा आणावा?

पट्टी चालू असताना कर्सर लपवला आणि परत दाखवण्याआधीच प्रोग्रॅम संपला, की असे होते. तात्पुरता उपाय म्हणून ‘रीसेट’ ही आज्ञा चालवावी; न दिसणाऱ्या कर्सरवरही ती टाइप करता येते. प्रोग्रॅममध्ये कर्सर परत दाखवण्याची आज्ञा ‘फायनली’ खंडात ठेवावी आणि बंद होण्याची विनंती करणाऱ्या ‘सिगटर्म’ या सिग्नलवरही ती चालेल असे पाहावे. जबरदस्तीने बंद करणारा ‘सिगकिल’ पकडता येत नाही, त्यामुळे ही हमी कधीच पूर्ण नसते. एका ओळीच्या साध्या पट्टीसाठी कर्सर लपवूच नये.

१५. विंडोजवर पट्टीऐवजी चौकटी कंस आणि विचित्र अक्षरे का दिसतात?

जुना विंडोज कन्सोल एस्केप आज्ञा समजत नसे. विंडोज १० पासून तो समजतो, पण प्रोग्रॅमने कन्सोलची व्हर्च्युअल टर्मिनल ही सोय आधी चालू करावी लागते. नवे विंडोज टर्मिनल आणखी एक सोय देते: ठरावीक एस्केप आज्ञेने प्रगती टास्कबारवरही दाखवता येते, म्हणजे खिडकी झाकलेली असली तरी काम कुठवर आले ते कळते.

१६. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना पट्टीचा त्रास होतो, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि याकडे फार दुर्लक्ष होते. सेकंदाला दहा वेळा बदलणारी ओळ स्क्रीन रीडर पुन्हा पुन्हा वाचू लागतो, त्यात ठोकळ्यांच्या चिन्हांची नावेही येतात, आणि कामाचा संदेश त्या गर्दीत हरवतो. पट्टी बंद करण्याचा पर्याय प्रत्येक प्रोग्रॅमने द्यावा, तो मदतीच्या मजकुरात स्पष्ट लिहावा, आणि तो निवडल्यावर प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या साध्या ओळी दाखवाव्यात. यशापयश केवळ रंगाने सांगू नये.

१७. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये पट्टीच नाही आणि तो आधीच सुरू झाला आहे. प्रगती कशी पाहावी?

अजून सुरू केला नसेल, तर पाइपच्या मध्ये पीव्ही हा प्रोग्रॅम ठेवावा. तो जाणारे बाइट मोजतो आणि एकूण आकार दिला की टक्केही दाखवतो. जीएनयूच्या डीडीला कोअरयूटिल्स ८.२४ पासून, म्हणजे २०१५ पासून, ‘स्टेटस=प्रोग्रेस’ हा पर्याय आहे. सुरू झालेल्या प्रोग्रॅमसाठी लिनक्सवर प्रॉक फाइलसिस्टिममध्ये त्या प्रक्रियेची ‘एफडीइन्फो’ ही डिरेक्टरी पाहावी. तिथे प्रत्येक उघड्या फाइलच्या नोंदीत ‘पॉझ’ या नावापुढे वाचन किंवा लेखन कोणत्या बाइटपर्यंत आले तो आकडा असतो. त्याला फाइलच्या आकाराने भागले की टक्के मिळतात.

सुरू असलेल्या डीडीला लिनक्सवर ‘यूएसआर१’ सिग्नल पाठवला, की तो आकडे छापून काम पुढे चालू ठेवतो. मॅकवर मात्र हाच सिग्नल डीडीला बंद पाडतो. तिथे त्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-टी दाबावे.